नामसाम्याचा प्रश्न : दोन बहिणाबाई

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासत असताना एका उत्तरापाशी मी थांबले. प्रश्न मध्ययुगीन संतकवयित्रींविषयीचा होता. विद्यार्थिनीने लिहिले होते की, बहिणाबाई या तुकारामांच्या शिष्या; त्यांचे लग्न अगदी लहानपणी झाले; नवऱ्याने त्यांना मारहाण केली; पुढे ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले; त्यांना लिहितावाचता येत नव्हते; जात्यावर बसून त्या गाणी रचीत आणि ती त्यांच्या मुलाने लिहून ठेवली. मी लाल रेघ ओढली, समासात ‘दोन व्यक्तींची गल्लत’ असा शेरा लिहिला, दहापैकी शून्य गुण दिले आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.

महिन्याभराने ती मुलगी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घेऊन विभागात आली. भोकरदनकडच्या एका खेड्यातून एस.टी.ने जालन्याला येणारी, वर्गात सहसा न बोलणारी. माझ्या शेऱ्यावर बोट ठेवून तिने विचारले, “मॅडम, यातलं खोटं काय आहे?” मी तिला दोन बहिणाबाईंमधला अडीचशे वर्षांचा फरक समजावून सांगितला. तिने मान हलवली आणि ती गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. कारण त्या उत्तरातले प्रत्येक वाक्य कोणत्या ना कोणत्या बहिणाबाईविषयी खरेच होते. खोटी होती ती त्या वाक्यांची बेरीज. खऱ्या विधानांची बेरीज खोटी ठरते तेव्हा नेमका कशाचा आणि कोणाचा अपराध घडतो, हा प्रश्न इतिहासाच्या अचूकपणाइतकाच नीतीचाही आहे असे मला वाटते.

नामसाम्याविषयी आपल्या समीक्षेत विचार झाला आहे, पण तो बहुतांशी पुरुषांच्या बाबतीत आणि संहितानिश्चितीच्या अंगाने. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या अभंगांची सरमिसळ कशी सोडवावी, हा अभ्यासकांचा जुना झगडा आहे. तेथे प्रश्न ‘हे कोणाचे?’ असा असतो. दोन बहिणाबाईंच्या बाबतीत तो पडत नाही. सतराव्या शतकातील अभंग आणि विसाव्या शतकातील खानदेशी गाणी भाषेच्या पहिल्याच ओळीत वेगळी ओळखू येतात. संहिता वेगळ्या राहतात आणि बायका मात्र एकमेकींत मिसळतात. हे असे का घडते, हे पाहायचे आहे.

प्रथम दोघींची ओळख त्यांच्या स्वतंत्र जागी करून घेऊ. पहिली बहिणाबाई १६२८च्या सुमारास देवगाव (रंगारी) येथे जन्मली. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. वयाच्या तिसऱ्या वर्षी तिचे लग्न तीस वर्षांच्या गंगाधर पाठक या बिजवराशी झाले. त्यांचे गाव शिऊर, आजच्या वैजापूर तालुक्यातले. पुढे घरावरील आपत्तीमुळे सगळ्यांनाच गाव सोडावे लागले आणि पंढरपूर, रहिमतपूर असे करीत हे कुटुंब कोल्हापुरास पोचले. तेथे जयराम स्वामींच्या कीर्तनात ती रमली. तिच्या पाठोपाठ कीर्तनाला येणारे वासरू, त्यावरून उठलेली चर्चा, संतापलेल्या नवऱ्याची मारहाण, वासराचा मृत्यू, नंतरची तिची बेशुद्धी आणि त्या अवस्थेत तुकारामांनी स्वप्नात केलेला अनुग्रह, हा सगळा वृत्तान्त तिने स्वतःच अभंगांतून सांगितला आहे. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या वाण्याला गुरू करावे, हे नवऱ्याला सोसणारे नव्हते. बायकोला गरोदर टाकून निघून जायचे त्याने ठरवले होते. मग तो आजारी पडला, पश्चात्तापला आणि दोघे देहूला गेली. बहिणाबाईने १७००मध्ये देह ठेवला. जस्टिन ॲबट यांनी तिच्या आत्मचरित्राचे व अभंगांचे इंग्रजी भाषांतर १९२९मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून ती मराठीबाहेरच्या अभ्यासकांनाही परिचित आहे.

दुसरी बहिणाबाई १८८०मध्ये जळगावजवळच्या आसोदे गावी महाजनांच्या शेतकरी घरात जन्मली, तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरींच्या घरी आली, तिशीच्या आसपास विधवा झाली आणि शेत, जाते, चूल व तीन मुले यांच्यात आयुष्य काढून १९५१च्या डिसेंबरात वारली. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि एका आप्ताने ऐकता ऐकता उतरवून घेतलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२मध्ये पुस्तकरूपाने आली. म्हणजे आपले नाव पुस्तकावर छापलेले तिने पाहिले नाही. तिची भाषा सरसकट अहिराणी म्हणून सांगितली जाते, वस्तुतः ती लेवा गणबोली आहे. गल्लतीचे हे आणखी एक लहानसे उदाहरण.

गंमत अशी की, नामसाम्य या दोघींच्या नावांपाशीच संपत नाही. दोघींनाही एकेक मुलगी होती आणि दोन्ही मुलींचे नाव काशी. दोघींचाही शब्द पुढच्या पिढीकडे जाताना एका मुलाच्या हातून जातो. पहिलीने अखेरच्या काळी आपल्या पूर्वजन्मांची हकिगत विठोबा या मुलाला सांगितली, दुसरीची गाणी सोपानदेवांनी जपली. माझ्या विद्यार्थिनीच्या चुकीला वस्तुस्थितीनेच असा हातभार लावलेला आहे.

आता नावाकडे वळू. महाभाष्यकारांनी शब्दांचे जे चार प्रकार मानले त्यांत जाती, गुण आणि क्रिया यांच्या आधारे चालणारे शब्द वेगळे आणि यदृच्छाशब्द वेगळे. डित्थ हे कोणाचे तरी ठेवलेले नाव. त्यात अर्थ शोधायचा नसतो. मिलनेही १८४३च्या आपल्या तर्कशास्त्रात विशेषनाम व्यक्तीचा निर्देश करते, तिचा गुण सांगत नाही, असेच म्हटले आहे. हे मान्य केले तर दोन बहिणाबाईंमध्ये नावामुळे कोणतेच नाते उत्पन्न होत नाही. नाव अर्थवान असले तरी तो अर्थ आयुष्याला बांधलेला नसतो, हे ‘मुक्ता’ या नावाने फार कठोरपणे दाखवले आहे. ज्ञानदेवांची बहीण मुक्ताई, चांगदेवासारख्या योग्याची गुरू. अहिल्याबाई होळकरांची मुलगी मुक्ताबाई १७९१मध्ये नवऱ्याच्या चितेवर सती गेली. आईने केलेली विनवणी तिला थांबवू शकली नाही. आणि फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे, जिने १८५५मध्ये ‘ज्ञानोदया’तून मांगमहारांच्या दुःखाचा जाब थेट धर्माला विचारला. या तिघींना एका नावाच्या अर्थाखाली आणून ‘मुक्ती’विषयी लेख लिहिणे सोपे आहे. असे लेख लिहिलेही जातात. सती गेलेली मुक्ता तेथे नेमकी वगळली जाते.

‘बहिणा’ हे नाव मात्र मिलच्या चौकटीत नीट बसत नाही. ते विशेषनाम आहे आणि नातेवाचक शब्दही आहे. पुरुषाचे नाव ‘बंधू’ असले तर ते लाडाचे किंवा टोपणनाव असते, कागदावरचे नाव वेगळे असते. बाईच्या बाबतीत मात्र कोणाची तरी बहीण असणे हेच तिचे नाव होऊ शकते. येथे नाव व्यक्तीचा निर्देश करतानाच ती व्यक्ती स्वतंत्र नाही, हेही सांगून जाते. मग अशा दोघी समोर आल्या की आपण त्यांना सहजपणे एकमेकींच्या बहिणी करून टाकतो.

त्यात आपल्याकडे बाईचे पहिले नावसुद्धा तिच्यापाशी टिकेल याची शाश्वती नसे. विशेषतः वरच्या जातींत लग्नानंतर ते बदलले जाई. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मनकर्णिका तांबे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकही माहेरच्या मनकर्णिका, गोखल्यांच्या. दोन मनकर्णिका दोन लक्ष्मी झाल्या, आणि दोघींपैकी एकीलाही कोणी विचारले नव्हते. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुना. दोन यमुनांची एक रमा आणि एक आनंदी झाली. म्हणजे ज्या नामसाम्याकडे आपण कुतूहलाने पाहतो, त्यामागे दुसरे एक पुसून टाकलेले नामसाम्य दडलेले असते. १८८२मध्ये पुण्यात पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकत्र आल्या, तेव्हा एकीचे नाव वडिलांनी ठेवलेले, लग्नानेही न बदललेले होते, तर दुसरीचे तिच्या विवाहाबरोबर आलेले. उच्चार एकच, पण दोन नावांमागचे इतिहास अगदी निराळे. (पंडितेच्या नावालाही पुढच्याच वर्षी बाप्तिस्म्याने ‘मेरी’ची जोड दिली, हे येथे नोंदवून ठेवते.)

आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८मध्ये नारायण सूर्याजी ठोसर या मुलाचा जन्म झाला. लग्नाच्या मांडवात ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो पळून गेला, अशी आख्यायिका आहे. पुढे तो रामदास झाला. जांबला विद्यार्थ्यांना घेऊन गेले की ही गोष्ट कोणीतरी उत्साहाने सांगतेच. मला दर वेळी वाटते, त्याच विधीतून त्या काळी किती मुलींची नावे बदलली असतील! पुरुषाला नवे नाव विवाहातून निसटल्यामुळे मिळाले आणि ते त्याने स्वतः मिरवले. स्त्रीला ते विवाहात सापडल्यामुळे मिळे. माझ्याही लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने एक वेगळे नाव लिहिले गेले होते. माझ्या पदवीवर ते नाही, पण सासरच्या गावात अजून त्याच नावाने मला हाक मारतात, आणि मी ओ देते.

या पार्श्वभूमीवर पहिल्या बहिणाबाईच्या अभंगांतील नाममुद्रा पाहिली पाहिजे. अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफणे हा संप्रदायाचा संकेत खरा. पण संकेत कोण वापरते यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. मिशेल फूको यांनी १९६९च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखकाचे नाव हे इतर विशेषनामांसारखे नसते, ते संहितांचा एक गट बांधते, काही आत घेते, काही बाहेर ठेवते, असे म्हटले. ‘लेखका’च्या मृत्यूची वार्ता आपल्या विद्यापीठांत पोचली तेव्हा आम्ही ती मोठ्या आनंदाने साजरी केली. मात्र ज्यांना लेखकपणाचा अधिकार कधी मिळालाच नव्हता, त्यांचा मृत्यू साजरा करण्यात काय अर्थ आहे, हा स्त्रीवादी समीक्षकांनी विचारलेला प्रश्न मराठीच्या संदर्भात अधिकच बोचरा आहे. ‘बहिणी’ ही मुद्रा उमटवणारी स्त्री गट बांधण्यापूर्वी एक साधा दावा करते: हे बोलणारी मी आहे.

आणि येथे तत्त्वज्ञानाची खरी अडचण सुरू होते. ही बहिणाबाई अद्वैताच्या वाटेवरची आहे. तिच्या दृष्टीने नाम आणि रूप हे उपाधी. तिने तर आपले आधीचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. म्हणजे आपल्या समोर एका नावाच्या दोन स्त्रिया आहेत, आणि तिच्या समोर तेरा देहांतून जाणारी एक ‘मी’ आहे. तिचे म्हणणे शेवटपर्यंत नेले तर माझ्या विद्यार्थिनीने काहीच चूक केली नाही. नावे आणि देह खोटे. दोन बहिणाबाईंमध्ये भेद पाहणारी मीच अज्ञानात. हा युक्तिवाद मी काही दिवस खरोखर गंभीरपणे घेतला होता. भेद हा हिंसेचे मूळ आहे आणि अभेद ही करुणा आहे, असे मानण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. तिला सहज झटकून टाकता येत नाही.

परंतु बहिणाबाई स्वतः काय करते ते पाहा. अद्वैत मानणारी ही स्त्री आत्मचरित्र सांगायला बसते तेव्हा गावाचे नाव सांगते, आईवडिलांची नावे सांगते, नवऱ्याचे वय सांगते, मुक्कामांची गावे सांगते, वासराचे मरण सांगते आणि मार खाल्ला तोही सांगते. देह मिथ्या असेल. त्या देहावरचे वळ मात्र तिने वगळलेले नाहीत. वज्रसूचीच्या आधारे जन्मजात ब्राह्मण्याचा प्रश्न उभा करणारी आणि पतिव्रताधर्माचे अभंगही रचणारी ही स्त्री सुसंगतीच्या मोहात पडत नाही. नवऱ्याला सोडून तिला तुकाराम नको होते, आणि तुकारामांना सोडून नवराही नको होता. या दोन ‘नको’च्या मध्ये तिने जागा कशी काढली, हा तिचा, केवळ तिचाच वृत्तान्त आहे. तो दुसरीच्या खात्यावर मांडला की दोघींचेही नुकसान होते. कारण दुसरीचे दुःख याहून निराळे आहे. तिच्या गाण्यांतला संसार गुरूच्या अनुग्रहाने उजळत नाही, शेतातल्या कामातून त्याला अर्थ येतो. वैधव्याविषयी ती बोलते तेव्हा रडण्याला वेळ नसलेल्या बाईचा कोरडा धीर तिच्या बोलण्यात असतो. शास्त्राने वेद नाकारले हे पहिलीचे शल्य; दुसरीला वेदांपर्यंत जाण्याआधी मुळाक्षरेच नाकारली गेली होती. जात वेगळी, काळ वेगळा, शब्दासाठी मोजलेली किंमत वेगळी.

माझ्या विद्यार्थिनीने रचलेली तिसरी बहिणाबाई मला नंतर पुन्हा भेटली, आणि ती एका चर्चासत्रातल्या माझ्याच निबंधात. विषय होता मराठी स्त्रीकाव्याची परंपरा. मुक्ताईपासून जनाबाई, तिच्यापासून बहिणाबाई, तिच्यापासून पुन्हा बहिणाबाई असा पूल मी बांधला होता. दुःख, घरकाम, भक्ती, जाते आणि मौन अशी सूत्रे काढली होती. टाळ्याही मिळाल्या. घरी येऊन वाचते तर त्यात एक स्त्री होती: ती सोसत होती, दळत होती, गात होती, आणि तिचे मोल कोणीतरी नंतर ओळखत होते. कोणत्याही शतकातली, कोणत्याही जातीतली. मी सालांचा घोळ केला नव्हता, तळटीपा व्यवस्थित होत्या. शून्य गुण द्यायला तेथे कोणी नव्हते, इतकाच फरक.

परंपरा नसते असे मला म्हणायचे नाही. पण ती कोण ठरवते? पहिल्या बहिणाबाईने वारकरी संप्रदायाची इमारत पायापासून कळसापर्यंत उभी केली, आणि त्या रूपकातून आपले पूर्वज स्वतः निवडले. ती रचना आज घरोघरी माहीत आहे, आणि ती एका स्त्रीची आहे हे मात्र अनेकांना माहीत नसते. चौधरींच्या बहिणाबाईने मुक्ताईवर गाणे रचले. मुक्ताईचे स्थान खानदेशातच, मुक्ताईनगरच्या परिसरात. म्हणजे दुसरीने जे नाते जोडले ते नावावरून नाही, आपल्या मुलखावरून. दोघींनीही आपापली वंशावळ आपापल्या हाताने मांडली आहे. आम्ही समीक्षक ती वाचण्याऐवजी नावांच्या आद्याक्षरांवरून दुसरी तयार करतो.

आणि वेगळे ओळखायचे म्हटले तरी कशाने? शिऊरच्या बहिणाबाईला आपण ‘संत’ म्हणतो, जळगावच्या बहिणाबाईला ‘चौधरी’. एकीची ओळख पावित्र्याने, दुसरीची नवऱ्याच्या आडनावाने. २०१८मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला दुसरीचे नाव दिले गेले, तेव्हा ‘कवयित्री’ आणि ‘चौधरी’ असे दोन्ही बाजूंनी शब्द लावावे लागले. पहिली कवयित्री नव्हती असे त्यातून कोणाला म्हणायचे नसणार, तरी ऐकणाऱ्याच्या मनात तेच उतरते. अशा विशेषणांनी पूर्वीही न्याय केलेला नाही. जालन्याहून विदर्भाच्या वाटेने निघाले की तासाभराच्या आत सिंदखेडराजा लागते, लखुजी जाधवांची मुलगी जिजाबाई हिचे जन्मगाव. तिच्याच काळात देहूत दुसरी एक जिजाबाई होती, तुकारामांची पत्नी. एक राजमाता झाली. दुसरीचे नाव मात्र लोकांनी मागे टाकून तिला ‘आवली’ केले आणि कर्कशपणाच्या गोष्टी तिच्या पदरात घातल्या; दुष्काळाच्या काळात घर कोणी चालवले, हे त्या गोष्टी क्वचितच सांगतात. दोघींना वेगळे ओळखण्याची सोय झाली, पण एकीचे नावच गेले.

गेल्या परीक्षेच्या वेळी प्रश्नपत्रिका काढण्याचे काम माझ्याकडे आले. मी ठरवले, विशेषणे टाळायची आणि गावे लिहायची. ‘बहिणाबाई (शिऊर)’ असे लिहिले, त्याखाली ‘बहिणाबाई (आसोदे)’. मग लक्षात आले, शिऊर हे पहिलीचे सासर आणि आसोदे हे दुसरीचे माहेर. एकीला सासरच्या गावाने ओळखायचे आणि दुसरीला माहेरच्या, हे बरे नव्हे. शिऊर खोडून देवगाव केले. देवगावची बहिणाबाई म्हटल्यावर कोणाला कळणार? तिने स्वतः आपल्या कथेला सुरुवात तेथून केली आहे, म्हणून तसेच ठेवले. सहपरीक्षकांनी फोन केला: “मॅडम, ही देवगावची कोण? आपल्या अभ्यासक्रमात तर नाही.” मी सांगितले, आहे. त्यांनी कंसातले गाव काढून मागे ‘संत’ जोडले, आणि प्रश्नपत्रिका तशीच छापून आली.